जुनी हॉट हॅच रोजच्या वापरासाठी? गाडीआधी तिचा इतिहास बघा

"मामा, तू आईला समजाव ना!" इंदूरहून भाच्याचा फोन होता. वय २७, पहिली बरी नोकरी, हातात साडेपाच लाख रुपये आणि डोक्यात एकच विचार, जुनी हॉट हॅच घ्यायची.

पाठोपाठ ताईचा फोन. "अरे, याला काहीतरी सांग. त्या पैशांत नवी छोटी गाडी येते. हा कुणाची तरी पळवून पळवून जुनी झालेली गाडी घरात आणणार आणि ती नेमकी यांच्या फिजिओथेरपीच्या दिवशी बंद पडणार."

ताईची काळजी खोटी नव्हती. भाऊजींना मागच्या वर्षी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. आठवड्यातून तीन दिवस त्यांना फिजिओथेरपीला न्यावे लागते. रिक्षात चढणे-उतरणे त्यांना जमत नाही. त्यामुळे घरी येणारी गाडी रविवारची हौस म्हणून येणार नव्हती. ती रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायलाच हवी होती.

मी मेकॅनिक नाही, पण गेली २० वर्षे जुन्याच गाड्या घेतल्या आणि वापरल्या आहेत. काही वेळा फसलोही आहे. म्हणून दिवाळीला इंदूरला गेलो, तेव्हा चार दिवस आम्ही दोघांनी गाड्याच बघितल्या. त्यातून जे कळले, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

हॉट हॅच म्हणजे नेमके काय?

हॅचबॅक म्हणजे स्विफ्ट, आय२० यांसारखी मागे वेगळी डिकी बाहेर न आलेली छोटी गाडी. अशाच साध्या घरगुती गाडीत कंपनी जेव्हा जास्त ताकदीचे इंजिन, थोडे कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक घालते, तेव्हा तिला हॉट हॅच म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचे तर छोटी गाडी, मोठा पिकअप.

हा प्रकार जगभर लोकप्रिय केला तो १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. कंपनीने सुरुवातीला फक्त ५,००० गाड्या बनवायचे ठरवले होते. प्रत्यक्षात तिच्या पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. याचे कारण आजही तेच आहे. आठवडाभर ऑफिस, शाळा, भाजी आणि रविवारी घाटरस्ता, ही दोन्ही कामे एकच गाडी करते.

आपल्याकडे ही हौस जरा उशिरा आली. २००१ च्या सुमारास फियाट पॅलिओचे १.६ लिटरचे मॉडेल आले आणि सचिन तेंडुलकरच्या नावाची एस१० आवृत्तीही निघाली, हे आज चाळिशीत असलेल्यांना आठवत असेल. पण टर्बो इंजिनाच्या हॉट हॅच खऱ्या अर्थाने मिळू लागल्या त्या २०१३ नंतर.

आपल्या बाजारात कोणत्या गाड्या आहेत?

वापरलेल्या गाड्यांमध्ये मुख्यतः ही नावे दिसतात.

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. २०१३ मध्ये ७.९९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आली. पुण्याजवळच्या चाकणला बनायची. १.२ लिटर टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि ७ गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये बीएस६ नियम आल्यावर तिच्यात १.० लिटरचे ११० पीएसचे तीन सिलिंडरचे इंजिन आले आणि गिअरबॉक्सही बदलला. २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन थांबले.

अबार्थ पुंटो. २०१५ मध्ये आली, रांजणगावच्या कारखान्यात बनली. १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, २१२ न्यूटन मीटर. यातली सर्वांत जोरकस गाडी हीच. पण फियाटने भारतातली विक्री बंद केली आहे.

मारुती सुझुकी बलेनो आरएस. मार्च २०१७ मध्ये आली. १.० लिटर बूस्टरजेट टर्बो इंजिन, १०२ पीएस, १५० न्यूटन मीटर, ५ गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०२० मध्ये बंद झाली.

टाटा टियागो जेटीपी. २०१८ मध्ये टाटा आणि कोइमतूरच्या जेयेम यांनी मिळून आणली. १.२ लिटर टर्बो, ११४ पीएस. फार थोडी वर्षे विकली गेली, त्यामुळे शोधावी लागते.

यातल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन १.२ लिटर किंवा त्याहून लहान का, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर कररचनेत आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल, तर आपल्याकडे गाडीवर कमी कर लागतो. म्हणून कंपन्यांनी इंजिन लहान ठेवून त्याला टर्बो जोडला. पोलो जीटीचे इंजिन ११९७ सीसीचे होते. अबार्थचे त्या मर्यादेबाहेर गेले आणि ती महागही पडली.

पहिली गाडी चकचकीत होती

भाच्याने आधीच एक गाडी पसंत करून ठेवली होती. कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचे नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. लाल रंग, काळे छत, रुंद टायर, मागे जाड सायलेन्सर. मीटरवर फक्त ४१,००० किलोमीटर.

"मामा, बघ ना, काय दिसतेय!" तो म्हणाला.

मी आधी स्टीअरिंग बघितले. कातडे दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झालेले. क्लच पेडलचे रबर झिजून कोपरे गोल झालेले. ४१,००० किलोमीटरमध्ये एवढी झीज होत नाही. सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या, तर विकणारा म्हणाला, "मी ओळखीच्या गॅरेजमध्येच करून घेतो, पावती कोण ठेवतो!" त्याने बॉनेट उघडले, तेव्हा हवेचा मूळ फिल्टर बॉक्स काढून उघडा जाळीचा फिल्टर बसवलेला दिसला. मी विचारले, "रीमॅप केले आहे का?" तो हसून म्हणाला, "थोडेसे. आता गाडी खरी पळते."

भाच्याचा चेहरा उतरला. पण त्याने स्वतःच चावी परत दिली.

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे. हौशी लोक ते करतात आणि काही जण गाडीची काळजीही तितकीच घेतात. पण वाढलेली ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो या तिघांनाच सोसावी लागते. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो. ज्या गाडीवर घरच्या आजारी माणसाची ने-आण अवलंबून आहे, ती मूळ स्थितीतलीच असावी.

त्या दिवशी आम्ही पहिला नियम लिहून ठेवला. आपण गाडी विकत घेत नाही, आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो.

टर्बोला काय हवे असते?

टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू त्याला फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जास्त हवा ढकलतो. जास्त हवा आणि त्याला साजेसे पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. हा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या दांड्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा.

म्हणून टर्बो गाडीत इंजिन ऑइल हाच जीव. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे सिंथेटिक ऑइल वेळेवर बदलले असेल, तर टर्बो वर्षानुवर्षे चालतो. स्वस्त ऑइल घातले किंवा दोन-दोन वर्षे बदललेच नाही, तर त्याची किंमत पुढचा मालक मोजतो. गाडी वर्षाला ५,००० किलोमीटरच चालत असली, तरी ऑइल वर्षातून एकदा बदलायचेच.

दुसरी सवय तुमची स्वतःची. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे अॅक्सिलरेटर जोरात दाबू नका, ऑइल गरम होऊ द्या. हायवेवर लांब, वेगात चालवून आलात, तर इंजिन बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट तसेच चालू ठेवा. एवढे केले तरी पुरते.

गिअरबॉक्स: खरा निर्णय इथेच

भाच्याचे स्वप्न पोलो जीटी टीएसआयचे होते आणि तेही डीएसजीवाली. चालवायला ती सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एका क्लचवर एक, तीन, पाच, सात हे गिअर आणि दुसऱ्यावर दोन, चार, सहा. पुढचा गिअर आधीच तयार असल्यामुळे गिअर बदलल्याचे कळतही नाही.

पण या ७ गिअरच्या डीएसजीतले क्लच कोरडे असतात, म्हणजे ते तेलात बुडालेले नसतात. गाडी रांगत पुढे सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. हायवेवर त्याला काही त्रास नाही. बंगळूर, पुणे, मुंबईसारख्या शहरात रोज दोन तास रांगायचे असेल, तर मात्र झीज लवकर होते. गिअर बदलणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग बिघडला, तर त्याचा खर्च जुन्या गाडीच्या हिशेबात फार मोठा असतो.

या गिअरबॉक्ससाठी नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभर एक मोहीमही घेतली होती. उष्ण-दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे विजेचा दोष येऊ शकतो, म्हणून ते काढून मिनरल तेल घातले गेले. अशी गाडी घेताना चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दोन गोष्टी विचारा. या गाडीचे कुठले रिकॉलचे काम बाकी आहे का आणि गिअरबॉक्सवर आधी कोणते काम झाले आहे? ज्या गाडीचा क्लच आणि मेकॅट्रॉनिक पावतीसह बदललेले आहेत, ती त्या बाबतीत न बदललेल्या गाडीपेक्षा बरी.

पोलोच घ्यायची असेल तर रोजच्या कामाला २०२० नंतरची १.० टीएसआय जास्त निर्धास्त. तिच्यात ६ गिअरचा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा ऑटोमॅटिक आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून पोहोचते, त्यामुळे तो रांगत्या ट्रॅफिकला चांगला टिकतो. त्याच घराण्याचे १.० टीएसआय इंजिन टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया या गाड्यांतही आहे. म्हणजे इंजिनाचे पार्ट आणि ते ओळखणारे मेकॅनिक पुढची बरीच वर्षे मिळत राहतील. फक्त तिची किंमत भाच्याच्या बजेटबाहेर जात होती.

इथून दुसरा नियम निघाला. रोजच्या वापराला सर्वांत वेगवान गाडी नको. जिचे पार्ट आपल्या गावात मिळतात आणि जिला हात लावणारा मेकॅनिक जवळ आहे, ती गाडी हवी. या कसोटीवर अबार्थ मागे पडते. ती दुसरी, हौसेची गाडी म्हणून उत्तम. पण बॉडीचा एखादा पार्ट यायला वेळ लागला, तर घरात दुसरी गाडी हवी.

घरच्यांना बसवून बघा

तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "मला कुणी विचारणार आहे का? बसायचे मला आहे."

खरेच होते. आम्ही दोघे इंजिनाच्या गप्पा मारत होतो आणि ज्यांच्यासाठी गाडी हवी, त्यांना कुणी नेलेच नव्हते. त्या दिवसापासून भाऊजी बरोबर आले. पोलोत ते पुढे नीट बसले, पण मागच्या सीटवर त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. खाली बसवलेल्या एका गाडीतून उठताना त्यांना दोघांनी हात द्यावा लागला.

म्हणून हॉट हॅच घेताना एवढे जरूर बघा. सीट जमिनीपासून किती उंच आहे? दार पूर्ण उघडते का? मागे दोन मोठी माणसे आणि एक मूल आरामात बसते का? डिकीत व्हीलचेअर किंवा बाबागाडी मावते का? तुमच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर चारजण बसल्यावर गाडी खाली घासते का? कडक सस्पेन्शन तरुणाला आवडते, पण पाठदुखी असलेल्या माणसाला तोच रस्ता दुप्पट लांब वाटतो.

सुरक्षेचेही याच वेळी विचारा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. त्यात एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार. गाडी तीच, फरक एअरबॅगचा. म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका. नेमके कोणते वर्ष, कोणते व्हेरियंट, एअरबॅग आणि एबीएस आहेत का, हे बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही, तर कुणीतरी तो काढून ठेवला असू शकतो.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

विकणाऱ्याला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." थंड इंजिन खरे बोलते. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर का, ते विचारा.

गाडी सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत साखळी घासल्यासारखा खडखडाट येतो का, ते ऐका. मागे सायलेन्सरकडे एकाला उभे करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थांबून राहणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट इंजिनात जात असण्याची शक्यता.

निदान ४० मिनिटे चालवा आणि तीही ट्रॅफिकमधून, चढावरून. ऑटोमॅटिक असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना धक्के किंवा थरथर जाणवते का? चढावर रिव्हर्स घेताना अडखळते का? दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर ताकद एकसारखी येते की मध्येच अडखळते? शिट्टीसारखा मोठा आवाज येत असेल, तर टर्बो किंवा त्याचे पाइप तपासून घ्या.

मग चारही टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली, तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलण्याची तयारी ठेवा. एकाच बाजूने झिजलेले टायर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे दुखणे सांगतात.

शेवटी एक खर्च आवर्जून करा. तुमच्या विश्वासाच्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर घ्या आणि स्कॅनर लावा. कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाड त्यात दिसतात. बिघाडाची नोंद कालच पुसली असेल, तर अनेकदा तेही कळते. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल, तर तिथेच नमस्कार करून निघा.

कागदपत्रांत आळस नको

भाच्याला पुण्यात एक गाडी स्वस्त मिळत होती. पण महाराष्ट्रात नोंदलेली गाडी मध्य प्रदेशात कायमची न्यायची, तर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर नवी नोंदणी करावी लागते आणि तिथला रोड टॅक्स भरावा लागतो. आधीच्या राज्यातून परतावा मागता येतो, पण त्यासाठी खेपा घालाव्या लागतात. हिशेब केल्यावर स्वस्ताई उरलीच नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी घेण्याआधी तुम्हीही हा हिशेब कागदावर मांडा.

आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का बघा. असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन ती आधी काढायला लावा. थकलेली चलने ऑनलाइन तपासा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्याच राज्यात विकताना विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करायचा अर्जही १४ दिवसांच्या आत द्या. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून माणसाचा असतो, तो आधीच्या मालकाबरोबर जातो. त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल, हे धरून चला.

पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१५ ची गाडी घेतली, तर २०३० मध्ये तपासणी आणि नूतनीकरण आलेच. दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत आले आहेत. तिथे राहणाऱ्यांनी ताजा नियम बघूनच पैसे द्यावेत.

रोजचा खर्च आणि राखीव रक्कम

"अॅव्हरेज किती देते?" हा ताईचा पहिला प्रश्न होता. टर्बो गाडीचे उत्तर तुमच्या उजव्या पायात असते. शांत चालवली तर साध्या हॅचबॅकच्या जवळपास, पिकअप वापरत राहिलात तर बरेच कमी.

देशभरातल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यासाठीच बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाडीत अॅव्हरेज थोडे घटते. इंधनाचे रबरी पाइप आणि सील यांच्याकडे सर्व्हिसच्या वेळी लक्ष द्यायला सांगा. गाडीच्या पुस्तिकेत कोणते पेट्रोल चालते ते दिलेले असते, ते वाचा. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

आमचा तिसरा नियम पैशांचा. हातात साडेपाच लाख असतील, तर गाडी पावणेपाच लाखांपर्यंतचीच बघायची. उरलेल्या पैशांत आल्याआल्या सर्व फिल्टर, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, स्पार्क प्लग आणि बॅटरी तपासून बदलायची, गरज असेल तर टायर घालायचे. त्यातूनही उरतील ते वेगळ्या खात्यात. जुन्या गाडीत अचानक खर्च निघतोच. तो आधीच बाजूला काढलेला असेल, तर मनस्ताप होत नाही.

कुणी घेऊ नये?

घरात एकच गाडी असेल आणि आजूबाजूला तिला हात लावणारा मेकॅनिक नसेल, तर घेऊ नका. सगळे पैसे गाडीतच संपणार असतील, तर घेऊ नका. रोज दोन-तीन तास रांगत्या ट्रॅफिकमध्ये जायचे असेल, तर साधी ऑटोमॅटिक गाडी जास्त सुख देईल. आणि नुकतेच लायसन्स मिळालेल्या मुलाची ही पहिली गाडी असेल, तर आणखी दोन वर्षे थांबा. पिकअप हाताळायला हातापेक्षा डोके शांत लागते.

शेवटी काय घेतले?

चौथ्या दिवशी इंदूरमधल्याच एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. २०१८ ची बलेनो आरएस, करडा रंग, ५८,००० किलोमीटर. दिसायला इतकी साधी, की भाच्याने सुरुवातीला उत्साहच दाखवला नाही. गुरुजींनी कपाटातून फाइल काढली. पहिल्या सर्व्हिसपासूनच्या सगळ्या पावत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या.

या गाडीबद्दल एक गोष्ट मला ठाऊक होती. एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने ७,२१३ बलेनो आरएस गाड्या ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. मी विचारायच्या आत गुरुजींनी तो कागद पुढे केला. काम तेव्हाच करून घेतलेले होते.

इंजिन थंड होते. पहिल्या चावीला सुरू झाले. धूर नाही, खडखडाट नाही. भाऊजी मागे बसले, पाय पसरले आणि म्हणाले, "इथे मी झोपूसुद्धा शकतो." बायपासला भाच्याने तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला आणि इतका वेळ गप्प असलेला मुलगा हसायला लागला. बाहेरच्या बॉडीचे बरेच पार्ट साध्या बलेनोचेच. बूस्टरजेट इंजिन २०२३ मध्ये आलेल्या फ्राँक्समध्ये पुन्हा आले आहे. मेकॅनिक तर गल्लीतच. स्कॅनरवर एकही बिघाड निघाला नाही. टायर मात्र सात वर्षांचे होते. तेवढे पैसे कमी करून सौदा ठरला आणि त्याच आठवड्यात नवे टायर घातले.

या गोष्टीला आता सात महिने झाले. परवा ताईचा फोन आला. मला वाटले, गाडीची तक्रार असणार. ती म्हणाली, "अरे, मीच हल्ली यांना घेऊन जाते. पोरगा ऑफिसला बसने जातो. गाडी चढावर कशी सुसाट निघते रे!"

मी हसलो आणि एवढेच विचारले, "ताई, ऑइल कधी बदलायचे आहे, लिहून ठेवले आहेस ना?"

"फाइल केली आहे," ती म्हणाली. "गुरुजींसारखीच."